पहिला हजर इसायासचा

ओरिएता लोबोस लेफ्टनंट म्हणून निवडून आली, तेव्हा ती आगीच्या बंबखान्याच्या मागच्या स्वयंपाकघरात शेगडीखाली आडवी पडलेली होती. शेगडी फुरफुरत होती. कुणीतरी म्हणालं, ओरी, मतं मोजून होईपर्यंत जरा बघ ना हिच्याकडं. गॅसच्या शेगड्या आणि न्हाणीघरातले गिझर दुरुस्त करणं हा तिचा पोटाचा धंदा, त्यामुळं टेकडीवर कुणाच्याही घरी ती गेली की लोक आधी शेगडी दाखवत आणि मग खुर्ची देत. निवडणूक स्वतःची असली तरी तेच.

"लेफ्टनंटीणबाई, बाहेर या!" निबाल्दोनं दारातून हाक मारली. निबाल्दो बेकरीवाला, अंगानं भरलेला, तोंडानं त्याहून जास्त. "राज्य आलंय तुमचं. पान्हा खाली ठेवा."

"कोण आलं निवडून?"

"तू गं बाई, तू!"

तिला पटलं नाही. शेगडीखालूनच तिनं विचारलं, "दुसरं कोण उभं होतं?"

"कुणीच नाही."

इथवर सगळं सरळ होतं. पुढं काहीच सरळ राहिलं नाही.

जगात म्हणे आग विझवणाऱ्यांना पगार देतात. आमच्या या बंदराच्या शहरात, वाल्पाराइसोत, देत नाहीत. इथं माणूस दिवसभर पाव भाजतो, टॅक्सी हाकतो, शेगड्या दुरुस्त करतो, आणि सायरन वाजला की हातातलं टाकून पळत सुटतो. वर आपल्या कंपनीला, म्हणजे बंबाच्या पथकाला, दर महिन्याला वर्गणी देतो ती स्वतःच्याच खिशातून. वर्षातून एकदा साहेबलोक खाली चौकात भाषण करतात, आमचे वीर वगैरे म्हणतात. मग वीर टेकडीवर परत येतात आणि रस्त्यावरच्या नळाला पाणी नाही म्हणून शेजाऱ्याच्या टाकीत पाइप सोडतात. पण अधिकारी मात्र आम्ही आमचे निवडतो, मत टाकून. तो मान कुणी खालून पाठवलेला नाही.

त्या वर्षी मुख्यालयानं नवा नियम आणला. नुसती मतं पुरणार नाहीत. बंबाच्या पुढच्या सीटवर बसून तुकडी चालवणाऱ्यानं अभ्यासक्रम करायचा, मैदानातली परीक्षा पास व्हायचं. हिवाळा लागायच्या आत ज्या कंपनीकडं असा अधिकारी नसेल, तिचा बंब खाली सपाटीवरच्या कंपनीकडं जाईल. आमचा आधीचा लेफ्टनंट उत्तरेला तांब्याच्या खाणीत नोकरीला निघून गेलेला. बाकी कुणाला वेळ नाही, कुणाला उमेद नाही. राहिली ओरिएता. ती पास झाली तर बंब टेकडीवर. नापास झाली तर खालून बंब वर यायला वळणावळणाचा सगळा चढ, आणि आमची घरं लाकडाची, वरून पत्रा ठोकलेली, दक्षिणेचा वारा सुटला की आग एका चुलीतून दुसऱ्याच्या छपरावर. हे कुणी तिला समजावून सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

सभा संपली की हजेरी होते. आमच्याकडं नावं पुकारत नाहीत. अधिकारी नुसतं "हजेरी!" ओरडतो, आणि ओळीतला जो तो जुन्यानव्याच्या क्रमानं "हजर!" म्हणतो. पहिला हजर इसायास वेराचा असतो. इसायास मरून जमाना लोटला, बंदराकडच्या एका चाळीच्या आगीत तो गेला. त्याच्या वाटचा हजर ताता आलिरो म्हणतो, आणि मग स्वतःचा. ताता म्हणजे आजोबा. गोदीत ओझी उचलून निवृत्त झालेला हा माणूस सगळ्या टेकडीचाच ताता. डॉक्टर म्हणतो, आता पुरे. ताता म्हणतो, डॉक्टर बदला.

त्या दिवशी ओरिएतानं पहिल्यांदा "हजेरी!" असा आवाज दिला. आवाज थोडा चिरकला. निबाल्दो हसला. पण "हजर" बरोबर आले, इसायासपासून शेवटपर्यंत.

*

अभ्यासक्रम बंदरामागच्या मोकळ्या यार्डात होता. जहाजावरचे जुने लोखंडी कंटेनर एकावर एक रचून तिथं खोटं घर बनवलेलं. आत पेंढा आणि लाकडी फळ्या पेटवायच्या. शिकवणारा होता कॅप्टन स्तुआर्दो. बारीक, कोरडा माणूस. तोंडात सतत काडी.

पहिल्याच दिवशी ओरिएतानं सवयीनं पाइप उचलला.

"हातात काय आहे?" स्तुआर्दोनं विचारलं.

"पाइप."

"ठेव खाली."

तिनं ठेवला. मग पाइप धरलेला जवान नीट वाकत नाही म्हणून त्याचा खांदा दाबला.

"हातात काय आहे?"

"खांदा."

"सोड. तुझ्या तुकडीला आठ हात आहेत. तुझे दोन नकोत. तुझे डोळे हवेत. हात खिशात घाल."

आता या बाईचं सगळं आयुष्य हातात. गॅस कुठून गळतोय ते ती बोटानं ओळखायची, गिझर पेटणार की नाही ते नळी चाचपून सांगायची. तिला हात खिशात घालायला सांगणं म्हणजे मासळीवालीला नाक बंद कर म्हणण्यासारखं. खिशात हात घालून ती उभी राहिली आणि तिला काही म्हणता काही दिसेना.

"काय दिसतंय?" स्तुआर्दो.

"धूर."

"आणि काय दिसत नाहीये?"

"जे दिसत नाहीये ते मला कसं दिसणार?"

स्तुआर्दोनं काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "घरी जाऊन विचार कर."

तिनं घरी जाऊन विचार केला. टेकडीवर फिरताना घरांकडं टक लावून बघायला लागली. मागचं दार कुठं, जिना कुजलाय का, आत झोपणारी माणसं कुठून बाहेर पडतील. एक दिवस गल्लीतल्या विधवा इर्मानं तिला अंगणातून हटकलं. "का गं, घर विकत घ्यायचंय का माझं? मी मरायची वाट बघतेयस?"

"नाही हो. जळलं तर कसं जळेल ते बघतेय."

इर्मानं दार आपटलं. दुसऱ्या दिवशी तिची शेगडी बिघडली तरी तिनं ओरिएताला बोलावलं नाही.

वर्गात तर आणखी गोंधळ. एक दिवस स्तुआर्दो म्हणाला, अधिकाऱ्यानं इमारतीकडं पाठ करायची नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अधिकाऱ्यानं माणसांवरची नजर हलवायची नाही. तिनं विचारलं, माणसं मागं आणि इमारत पुढं असली तर? तो म्हणाला, चांगला प्रश्न आहे. आणि उत्तर न देता पुढं गेला. सपाटीवरच्या कंपन्यांची पोरं भराभर लिहून घेत होती. त्यांना समजत होतं की नुसतंच लिहीत होती, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

परीक्षेच्या दिवशी तिची तुकडी म्हणजे चौघं. ताता आलिरो, निबाल्दो, दवाखान्यात रात्रपाळी करणारी यास्ना, आणि टॅक्सीवाला एदिसोन. ताता दाराशी पाइप सोडायला, बाकीचे तिघं आत. तोंडावर मास्क, पाठीवर हवेच्या टाक्या. ओरिएता बाहेर, हात खिशात, नजर कंटेनरच्या दारावर.

सगळं ठीक चाललं होतं. तिला वाटलं तसं तरी. मग धुराचा रंग बदलला. पांढरट होता तो पिवळा, जाड झाला आणि दारातून दमा लागल्यासारखा आत बाहेर व्हायला लागला. तिनं शिट्टी फुंकली. "बाहेर! सगळे बाहेर!"

पावलं वाजली. धुरातून काळे आकार तिच्या मागं बंबापाशी धावत गेले. यार्डभर धूर. इमारतीकडं पाठ करायची नाही, म्हणून ती दाराकडं तोंड करूनच ओरडली, "हजेरी!"

"हजर!"

"हजर!"

"हजर!"

"हजर!"

मास्कमधून आलेले, घोगरे, एकसारखे आवाज. चौघं होती. चार आवाज आले.

स्तुआर्दो शेजारी येऊन उभा राहिला. "सगळे बाहेर?"

"सगळे बाहेर."

"नक्की?"

"कान आहेत मला, कॅप्टन."

तो दारापाशी गेला, हात आत घातला आणि एदिसोनला दंडाला धरून बाहेर काढलं. एदिसोन मास्कच्या आडून ओशाळलेला. परीक्षेचा डाव होता तो. स्तुआर्दोच्या माणसानं आतच त्याला बाजूला बसवलं होतं आणि निबाल्दोला खूण केली होती, तू जा, गप्प राहा.

"हा मेला," स्तुआर्दो म्हणाला. "नापास. पुढच्या महिन्यात एकदा येता येईल. एकदाच."

ओरिएतानं मागं वळून बघितलं. बंबापाशी तिघं उभी होती. तिघं. तिनं चार ऐकले होते. तिला आपल्या कानांची भीती वाटली.

*

वर आल्यावर बंबखान्यात चहा मांडला, पाव आला, चीज आलं, पण खाईना कुणी. शेवटी तिचाच स्फोट झाला.

"चौथा हजर कुणी म्हटला?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"निबाल्दो, तुला ठाऊक होतं एदिसोन आत आहे. तूच दोनदा ओरडलास. बोल."

"मी? आईच्यान एकदाच ओरडलो!"

"तुझी आई कशाला मध्ये? तुझ्या आईला रोज पाच वेळा मारतोस तू शपथा घेऊन."

"अगं, मला कुणी गप्प बस म्हटलं म्हणून गप्प बसलो. परीक्षा तुझी होती. मी तुला फसवीन होय?"

"मग यास्ना?"

यास्ना रात्रपाळीवरून थेट आलेली, डोळे लाल. "मी माझं नाव विसरत होते उभ्या उभ्या. दोनदा हजर म्हणण्याइतकी ताकद कुठली माझ्यात?"

एदिसोन हळूच म्हणाला, "मी तर आत होतो. मी मेलेलो होतो."

"तू गप्प बस. मेलेली माणसं बोलत नाहीत."

ताता आलिरो कोपऱ्यात पावाचा तुकडा चहात बुडवत होता. त्यानं मान वर केली नाही. तिला त्याच्यावर संशय येणं शक्यच नव्हतं. तो टेकडीचा ताता. तिनं स्तुआर्दोला शिव्या घातल्या, खालच्या लोकांना घातल्या. त्यांनीच कुणाला तरी मागून ओरडायला लावलं असणार. टेकडीवरची शेगडीवाली बाई पुढच्या सीटवर बसलेली त्यांना खपत नाही. हे सगळं म्हणताना तिला आतून वाटत होतं की हे खरं नाही. पण मग खरं काय, ते काही केल्या हाती लागत नव्हतं. कितीतरी दिवस ती लोकांच्या शेगड्यांपाशी बसून मनात तेच वाजवत राहिली. हजर, हजर, हजर, हजर. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, गळती सापडली का हो? ती म्हणाली, तीन माणसं आणि चार आवाज. गिऱ्हाइकानं खिडकी उघडली. त्याला वाटलं, गॅस हिच्याच डोक्यात गेला.

मग एका शनिवारी अंगणात सराव झाला. धूर नाही, मास्क नाही, चांगलं ऊन. तिनं चौघांना ओळीत उभं केलं, आणि यार्डात जशी उभी होती तशीच पाठ करून उभी राहिली.

"हजेरी!"

पाच हजर आले.

ती वळली. चौघंच होती. निबाल्दोचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या अंगावर काटा आला तो आधी भीतीचा, आणि मग, हळूहळू, दुसऱ्याच कशाचा तरी. ती तातासमोर जाऊन उभी राहिली.

"ताता. पहिला हजर कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? इसायासचा." तातानं तिच्याकडं असं बघितलं जणू तिनं सूर्य कुठून उगवतो विचारलं.

"यार्डातही म्हटलात?"

"आता तू हजेरी म्हटलीस तर म्हणणारच की!"

एवढी वर्षं ती कंपनीत. एवढ्या हजेऱ्या तिनं ऐकल्या, स्वतः दिल्या. बंबखान्यात इसायास सोडून मोजायची सवय सगळ्यांच्या कानाला होती. धुरात, चारच माणसं असताना, कान चारापाशी थांबला. मेलेला माणूस हजर होता, आणि जिवंत आत राहिला.

यास्ना खाली पायरीवर बसली. "देवा," एवढंच म्हणाली.

*

ओरिएताला वाटलं, आता सोपं आहे. आगीच्या जागी इसायासचा हजर म्हणायचा नाही, बंबखान्यात परत आल्यावर म्हणायचा. ती ताताच्या घरी गेली, संध्याकाळच्या चहाच्या वेळेला. तळलेल्या भोपळ्याच्या पुऱ्या घेऊन गेली, म्हातारा मऊ व्हावा म्हणून.

ताता मऊ झाला नाही.

"म्हणजे त्याला आगीवर न्यायचं नाही?"

"न्यायचं की. फक्त त्याचा हजर तिथं..."

"तो गेला कसा ते माहीत आहे तुला?"

"चाळीच्या आगीत."

"ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय. कसा गेला ते विचारतोय मी." तातानं पुरी बशीत ठेवली. "आम्ही बाहेर आलो. कॅप्टननं विचारलं, सगळे आलात? आम्ही म्हटलं, हो. सगळेच हो म्हणाले. मीही म्हटलं. कुणी मोजलंच नाही, ओरी. पाइप गुंडाळले, बंबावर चढलो, सिगारेटी पेटवल्या, आणि अर्ध्या वाटेवर कुणीतरी म्हणालं, इसायास कुठाय? तेव्हापासून हजेरी आहे. आणि पहिला हजर त्याचा आहे तो याच्यासाठी. पुन्हा कधी कुणी त्याला मोजायचं विसरू नये म्हणून. आणि आता तू मला सांगतेस, तो नको."

हजेरी ज्याच्यामुळं आली, त्याच्यामुळंच ती चुकत होती. ताता खोटं बोलत नव्हता. तीही चूक नव्हती. मग चूक कुठं होती? तिला वाटलं होतं, गळती सापडली की पान्हा फिरवायचा आणि निघायचं. इथं पान्हा लावायला जागाच नव्हती.

"ताता," ती शेवटी म्हणाली, "बंब खाली गेला तर?"

"मला शिकवू नकोस बंबाचं."

"शिकवत नाही. विचारतेय. मला कळत नाहीये."

तातानं पुऱ्यांची बशी तिच्याकडं सरकवली. "मलाही कळत नाहीये," तो म्हणाला. "पुऱ्या थंड झाल्या तुझ्या."

तो हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. ती पायऱ्या उतरून घरी आली तेव्हा काय ठरलं ते तिला सांगता आलं नसतं.

बाकी तिघांनी तिची बाजू घेतली. पण तातासमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही. निबाल्दोनं नेहमीप्रमाणं तोडगा काढला. "इसायासला हवेची टाकी द्या आणि पाचवा माणूस म्हणून दाखवा. वर्गणी मी भरतो त्याची." यास्नानं त्याच्या टाळक्यात मारली.

*

दुसऱ्या परीक्षेला ताता येईल की नाही, हे सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. बंब सुरू झाला तेव्हा तो आला, हेल्मेट काखेत, आणि मागं चढला. ओरिएता पुढच्या सीटवर. तिनं आरशात त्याला बघितलं. त्यानं बघितलं नाही.

यार्डात वारा होता. धूर जमिनीवरून सरपटत होता. चौघं गेली, दाराशी ताता, आत तिघं. ओरिएताचे हात खिशात. काय दिसतंय? धूर. काय दिसत नाहीये? माझी माणसं, ती मनात म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला तो प्रश्न प्रश्नासारखा वाटला.

कंटेनरच्या छताशी ज्वाळेची जीभ दिसली. शिट्टी. "बाहेर!" पावलं, आकार, खोकला. सगळं तिच्या मागं.

"हजेरी!"

"हजर!"

"हजर!"

"हजर!"

आणि शांत. वारा आणि आत फळ्या तडतडल्याचा आवाज.

तीन. तिच्या डोक्यात एकदम सगळ्या बाजूंनी पाणी शिरलं. तीन म्हणजे ताता रागावून गप्प बसलाय, आणि सगळे बाहेर आहेत. किंवा तातानं ऐकलंय, इसायासला वगळलंय, आणि एक जण आत आहे. किंवा ताता सवयीनं दोनदा बोललाय, आणि दोघं आत आहेत. तीन आवाजांत तिन्ही गोष्टी मावत होत्या. पुस्तक म्हणत होतं, आवाज कमी पडला तर दोघांना परत आत पाठव. कुणाला पाठवू? ज्यांना पाठवायचं तेच आत असले तर? स्तुआर्दो काडी चावत तिच्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

तिनं हात खिशातून बाहेर काढले.

इमारतीकडं पाठ केली, धुरात घुसली आणि ओळीतल्या पहिल्या आकाराच्या हेल्मेटवर तळहात आपटला. जुनं हेल्मेट, कडेला चेपलेलं. ताता. दुसरं, लहान, यास्ना. तिसऱ्याखाली मान जाड, निबाल्दो. चौथं. मास्कमधून एदिसोनचे डोळे भेदरलेले. तिनं त्याच्या हेल्मेटवरून हात काढलाच नाही लवकर.

"सगळे बाहेर," ती ओरडली. "हात लावून सांगतेय!"

मास्क उतरले. ताता रडत होता की धूर गेला होता डोळ्यात, कुणी विचारलं नाही. "तोंडच उघडलं नाही," तो पुटपुटला. "त्याचा सोडायचा म्हटलं, सोडला. पण त्याचा आधी म्हटल्याशिवाय माझा म्हणता येईना. प्रयत्न केला, ओरी. जीभच वळेना."

स्तुआर्दो आला. "तू जागा सोडलीस."

"सोडली."

"इमारतीकडं पाठ केलीस."

"केली. आणि माझी माणसं मोजली. तुम्हाला तुमची जागा प्यारी असेल तर तुम्ही उभे राहा तिथं. दोघांना परत आत पाठवलं असतं तर कुणाला शोधायला? आत कोण होतं?"

"कुणी नाही," स्तुआर्दो म्हणाला. "आज मी कुणालाच धरलं नव्हतं."

तो दुसऱ्या परीक्षकाकडं गेला. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. एक मान हलवत होता, दुसरा खांदे उडवत होता. टेकडीचा बंब त्या दोन डोक्यांमध्ये लोंबकळत होता. निबाल्दोनं खिशातून पाव काढला आणि तो न खाता हातातच धरून ठेवला, यावरून समजा.

स्तुआर्दो परत आला. काडी तुटली होती. "याला पुस्तकात जागा नाही," तो म्हणाला. जरा चिडलेलाच वाटला, पण कुणावर ते समजेना. "तुझी हजेरी भंगार आहे. ती सुधार. नाहीतर कान सोडून दे आणि हातच वापर."

"म्हणजे पास?"

"म्हणजे बंब घेऊन वर जा. वारा वाढतोय."

बंबात चढेपर्यंत तिला खात्री नव्हती. अर्धी टेकडी चढल्यावर तिनं एदिसोनला विचारलं, "पास म्हणाला ना तो?" एदिसोन म्हणाला, "मला वाटलं तुला कळलं." निबाल्दो मागून ओरडला, "पुढच्या सीटवर कोण बसलंय बघा, आणि मग विचारा!"

*

बंब टेकडीवरच आहे. इर्मानं तिला पुन्हा शेगडीला बोलावलं, आणि मागचं दार खिळे ठोकून बंद होतं ते उघडून घेतलं, लोकांना सांगताना मात्र म्हणाली, ती कल्पना माझीच.

बंबखान्यात हजेरी जुनीच आहे, पहिला हजर इसायासचा. आगीवर तोंडानं हजेरी होत नाही. ओरिएता ओळीतून जाते आणि प्रत्येकाच्या हेल्मेटवर थाप मारते. सपाटीवरची पोरं हसतात, म्हणतात, टेकडीवरची बाई कलिंगडं निवडते. हसू देत. त्यांची माणसं कुणी मोजतंय का, ते त्यांनी बघावं.

हिवाळा लागता लागता ओढ्याकाठी एक खोपट पेटलं, खरंखुरं, माणसं बाहेर काढून झाली होती. छप्पर बसायच्या बेतात आलं तेव्हा तिनं शिट्टी दिली आणि चौघं धुरातून वर आली. ती ओळीत गेली. ताताच्या हेल्मेटवर थाप दिली आणि हात उचलणार, तेवढ्यात तातानं तिचं मनगट धरलं.

"दोनदा," तो म्हणाला. "एक त्याची."

तिनं पुन्हा थाप मारली. मग यास्ना, निबाल्दो, एदिसोन. शेवटाला पोचली आणि थबकली. चार झाल्या की पाच? ताताची थाप दोनदा धरायची की एकदा? तोवर मागं छप्पर बसलं, ठिणग्या उडाल्या.

"काय झालं, लेफ्टनंटीणबाई?" निबाल्दो खोकत म्हणाला. "आकडे संपले?"

"गप्प राहा," ओरिएता म्हणाली. "हलू नका कुणी." आणि ती ओळीच्या टोकाला परत गेली, चेपलेल्या हेल्मेटपासून पुन्हा सुरुवात करायला.